नारिंगी रंगाखाली

३ मार्च

दादा,

पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल दोन ओळी लिहाव्यात, नाहीतर आपण दारातूनच ओरडतोय असं वाचणाऱ्याला वाटतं, असं आई म्हणायची. तर घे. वर्कशॉपच्या मागे अजून गुडघाभर बर्फ आहे. डोंगरावरचं सर्किट बंद आहे, चोवीस तारखेला उघडेल. झाला ऋतू.

तुझी फळांची पेटी पोचली. एकेक फळ कागदात गुंडाळलेलं, आणि चिठ्ठी नाही. मी जानेवारीत पाठवलेल्या खोक्यातही चिठ्ठी नव्हती, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही. पेटी बघून मिसातो म्हणाली, "परतभेट आली म्हणजे भेट स्वीकारली. रागावलेला माणूस परतभेट पाठवत नाही." त्यावर साकुमा म्हणाला, "उलट. रागावलेलाच पाठवतो, उपकार नकोत म्हणून." दोन वर्षांत तुझ्याकडून आलेली ही पहिलीच वस्तू, म्हणून मी मिसातोचं ऐकायचं ठरवलं.

आमचं बरं चाललंय. धंद्याचं 'योकोमुकी', म्हणजे 'आडवं', हे नाव तुला कधीच आवडलं नाही, पण सर्किटवर आता लोक ते काचेवर चिकटवून फिरतात. साकुमा स्टॉलवर उभा राहून कुणालाही पकडतो आणि सुरू होतो, "चाक वळवणारा लोखंडी सांधा असतो ना, तो आम्ही कापून आखूड करतो आणि वेल्डिंग करून पुन्हा जोडतो. मग चाक दुप्पट वळतं आणि गाडी वळणावर आडवी घसरत जाते. मग गाडी सरळ चालवणं तुम्हाला पाप वाटेल!" मी जोडते, मिसातो तिच्या गॅरेजमध्ये रंगवते, साकुमा चालवून दाखवतो आणि फोटो काढतो. जानेवारीत सहा जोड्या केल्या. एक साकुमाच्या गाडीला, चार विकल्या, एक तुला.

मागच्या आठवड्यात साकुमा सरावाला दक्षिणेकडे, बर्फ नसलेल्या सर्किटवर गेला होता, तिथे त्याने गाडी बांधावर घातली. मनगट मोडलंय. चूक आपलीच असं तो स्वतःच म्हणतो.

बाकी विशेष नाही. ते सांधे गाडीला लावले असशील तर चाकामागे एकदा नजर टाक. नेहमीची तपासणी. घाई नाही.

नात्सुहो

८ मार्च

दादा,

घाई नाही असं लिहिलं ते खोटं होतं.

पत्र टाकून घरी आले आणि माझ्या लक्षात आलं की तुझ्याकडे मियाझाकीत बर्फ पडत नाही. इथल्या गाड्या ताडपत्रीखाली झोपल्यात, चोवीसपर्यंत कुणी चालवणार नाही. तू मात्र दर रविवारी चालवत असशील. तेव्हापासून माझी पाचावर धारण बसली आहे. फोन तीनदा केला. वाजून वाजून बंद झाला.

ऐक. साकुमाची गाडी मी वर्कशॉपमध्ये आणून डावं चाक उतरवलं. सांधा दोन तुकड्यांत हातात आला. बांधावर आपटून मोडला असेल असं मला वाटावं, अशी माझी फार इच्छा होती. पण तुटलेल्या तोंडावर नारिंगी रेघ आहे. रंग आत झिरपलाय. म्हणजे मिसातोने रंग मारला तेव्हाच तिथे चीर होती. म्हणजे इथून निघतानाच होती, माझ्या बाकावर.

मी ते दोन तुकडे फडक्यात गुंडाळून बाबांच्या जुन्या खणात ठेवले. कुणाला सांगितलेलं नाही.

साकुमालाही नाही. काल त्याच्याकडे पेज घेऊन गेले होते. तो प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसला होता आणि म्हणाला, "नात्सु, मी वळण पकडलं होतं. बरोबर पकडलं होतं, असं मला वाटतं. आणि एकदम हातात काहीच राहिलं नाही. बारा वर्षं चालवतोय, आता हातच फितूर झाले म्हण." मी म्हटलं, "पेज गार होतेय." तो गाडी विकायला काढणार आहे. चोवीसला तो फक्त झेंडे धरायला येईल.

दादा, रंग खरवड. दोन्ही सांध्यांवरचा. जोडाच्या कडेने पातळ पात्याने खरवड आणि भिंग लावून बघ. आणि तोवर गाडी जागची हलवू नकोस. मला उत्तर देऊ नकोस हवं तर, शिव्या दे हवं तर, पण हे कर.

नात्सुहो

१५ मार्च

दादा,

दोन्ही पत्रं तुझ्या दारात पोचल्याचं टपालवाले सांगतात. म्हणजे तू आहेस, किंवा तुझं दार तरी आहे. रोज सकाळी मी तिकडच्या अपघातांच्या बातम्या बघते. तुझं नाव नसलं की चहा करते.

मिसातोला सांगितलं. तिला सांगावंच लागलं, कारण मी जेवत नव्हते आणि तिने मला विचारलं की तू गरोदर आहेस का. तुकडे तिच्यासमोर ठेवले. तिने आपल्या हाताने मिसळलेला रंग चिरेत बघितला आणि तुकडे पुन्हा फडक्यात गुंडाळले. मग म्हणाली, "बोभाटा नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. चौघांना फोन करू, म्हणू की नवी सुधारलेली आवृत्ती आलीय, जुने द्या नि नवे घ्या. कुणी नाही म्हणेल का फुकटच्या मालाला?"

चौघांपैकी दोघांनी आणून दिले. खरवडून बघितले, चांगले निघाले. मला इतकं हायसं वाटलं की मी रडले. उरलेले दोघे मात्र नाही म्हणाले. होशी, तो निळ्या गाडीवाला, म्हणाला, "अगं, चार दिवस घालून चाकांचा मेळ बसवलाय. आत्ता सांधे काढले तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. नीट बसलेलं कशाला उचकटू? हंगाम संपला की बघू." त्याचा पुतण्याही तेच म्हणाला. तुला माहीतच आहे, आपली माणसं बायको बदलतील पण बसलेला मेळ बदलणार नाहीत. आणि हे काका-पुतणे चोवीसला जोडीने धावणार आहेत, दारालगत दार लावून. एकाचं चाक सुटलं तर दुसरा मध्ये येणार.

खरं सांगितल्याशिवाय ते काढणार नाहीत. आणि खरं काय आहे ते मी मिसातोलाही पूर्ण सांगितलेलं नाही. तुला सांगते. तू आधीच माझ्याशी बोलत नाहीस, त्यामुळे तुझ्याकडून माझं आणखी काय जाणार.

जोडल्यावर सांधा भाताच्या तुसाच्या गरम राखेत पुरायचा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत विसरून जायचं. हे मला तूच शिकवलंस. हळूहळू गार होऊ दे, घाई केलीस तर आतून तडकेल. मी बाराच्या बारा राखेत पुरले होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साकुमाने फोटो ठेवले होते आणि मिसातोला रंग वाळायला वेळ हवा होता. मी त्याच दुपारी तीनला राख उकरली. हातमोज्यातूनही चटके बसत होते. दार उघडं होतं, बर्फावरून वारं येत होतं. सगळे बाकावर ओळीने मांडले.

चहा ओतत होते तेव्हा आवाज आला. टिक्. अगदी बारीक. मी हात थांबवला. मग दुसरा, टिक्. त्यानंतर बराच वेळ काही नाही.

तो आवाज कशाचा असतो हे मला माहीत आहे, दादा. मी चौदा वर्षांची असताना तू मला त्या आवाजासाठी अर्धा तास बाकाशी बसवून ठेवलं होतंस. जोडावरची खपली उडाली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. आणि रेडिओ मोठा केला.

रेडिओ मोठा केला, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. संध्याकाळी मिसातो येऊन सगळे घेऊन गेली आणि सकाळी ते इतके सुंदर दिसत होते की साकुमाने टाळ्या वाजवल्या. त्यातलीच एक जोडी मी तुला पाठवली. कारण मला दाखवायचं होतं.

तुला आठवतं, दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी तू पहिला रंगवलेला नमुना उचलून दाराबाहेर बर्फात फेकलास? "लोखंड उघडं ठेवा," म्हणालास. "जोडाला चीर गेली तर दिसली पाहिजे. रंगाखाली काय दिसणार?" साकुमा म्हणाला उघडं लोखंड फोटोत भंगार दिसतं. आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझी भीती तुझ्याजवळ ठेव. आम्हाला धंदा करायचाय." तू टोपी घातलीस आणि गेलास.

तुझी भीती आता माझ्याकडे आली आहे. रात्रंदिवस आहे. हात धुताना, गाडीचं दार लावताना, कुठेही टिक् झालं की मी हातातलं काम सोडून कान देते. चोवीसला काय करायचं ते मला कळलंय, आणि ते करण्याआधी आजारी पडावं अशी मी मनातल्या मनात प्रार्थना करते. अशी आहे तुझी बहीण.

रंग खरवड. पाया पडते.

नात्सुहो

२४ मार्च, संध्याकाळ

दादा,

आजारी पडले नाही.

सकाळी आठला सगळे चालक टेहळणीच्या खोपटासमोर जमले. चाळीस-एक जण, तोंडातून वाफा, खिशात हात. सर्किट सांभाळणाऱ्या निहेई काकांनी नेहमीप्रमाणे झेंडे समजावले, पिवळा काय, लाल काय. शेवटी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?" इतक्या वर्षांत त्यावर कुणी काही बोललेलं मी ऐकलेलं नाही. लोक हेल्मेट उचलायला वाकलेही होते. मी हात वर केला. हात माझाच आहे का, हे मी वळून बघितलं.

पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "योकोमुकीचे जानेवारीत केलेले सांधे सदोष आहेत. मी राखेतून लवकर काढले. चीर जाताना मला ऐकू आलं होतं, तरी मी विकले. होशी काका, तुमच्या दोन्ही गाड्या धावू देऊ नका."

मग होशी म्हणाला, "अच्छा! म्हणून मागे लागली होतीस होय! नवी आवृत्ती म्हणे, सुधारलेली म्हणे! अगं, हा माझ्या भावाचा मुलगा आहे, कळतंय का तुला?" तो आणखीही बोलला. बोलू दे. मी मान खाली घालून वाकलेली होते, मला फक्त बूट दिसत होते.

त्या बुटांमधून एक जोडी पुढे आली. साकुमाची. एक लेस सुटलेली, एका हाताने बांधता येत नाही म्हणून.

"माझे पण त्यातलेच होते?" त्याने विचारलं.

"हो."

"म्हणजे मी चुकलो नव्हतो."

"नाही. तू वळण बरोबर पकडलं होतंस."

मला वाटलं तो ओरडेल. तो हळू आवाजात म्हणाला, "चार आठवडे, नात्सु. चार आठवडे मी माझ्या हातांकडे बघत बसलो होतो. तू पेज घेऊन येत होतीस आणि मी बघत होतो." मग त्याने हातातले झेंडे निहेई काकांकडे दिले आणि उतारावरून बसस्टॉपकडे चालत गेला. मिसातो त्याच्यामागे धावली, त्याने तिलाही हाताने परत पाठवलं.

त्यानंतर दोन्ही गाड्या जॅकवर चढवल्या. मिसातोने पातं घेतलं आणि आपलाच रंग स्वतः खरवडला, मला हात लावू दिला नाही. होशीचे चांगले निघाले. पुतण्याच्या डाव्या सांध्याला अर्ध्या बोटाएवढी चीर होती. पुतण्या वाकून बघत होता, मग तिथेच बर्फाच्या ढिगावर बसला. होशीने मला आणखी एक शिवी दिली, पण या वेळी आवाज चिरकत होता.

निहेई काका म्हणाले, "आधी बोलली असतीस तर बरं झालं असतं, पोरी. आज बोललीस म्हणून तुला जेवायला देतो, पण ते बॅनर उतरव." उतरवलं. परत येताना तीन गाड्यांच्या काचांवरचं आमचं नाव खरवडून काढलेलं दिसलं. योकोमुकी संपलं असं धरून चाल. त्याचं मला हवं तेवढं वाईट वाटत नाहीये, बहुतेक उद्या वाटेल.

बारातले दहा सापडले. उरलेले दोन तुझ्याकडे आहेत. आज रविवार होता. तू आज चालवलीस का? फोन उचल, दादा. फक्त उचल आणि ठेवून दे.

नात्सुहो

२६ मार्च

दादा,

काल तुझा आवाज ऐकला आणि मी वर्कशॉपच्या फरशीवर बसले. तू जिवंत आहेस, एवढंच मला पहिला मिनिटभर कळत होतं. त्यापुढचं फोनवर मला बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

तू म्हणालास, "मी ते लावलेच नाहीत. खोकं उघडलं त्याच दिवशी रंग खरवडला. डाव्याला चीर होती."

मी विचारलं, "कुठल्या दिवशी?"

"जानेवारी. एकोणतीस."

तू पुढे बोलत राहिलास. तुला वाटलं सांगितलं तर मी म्हणेन, दोन वर्षं वाट बघून दादाने उट्टं काढलं. तुला वाटलं, मी शिकवलंय तिला, ती बाकीचे तपासेलच. तुला वाटलं, आज सांगू, उद्या सांगू. "मग फळं कसली पाठवलीस?" मी विचारलं. तू म्हणालास, "भेट आली होती. परत काहीतरी पाठवायला हवंच होतं." चीर बघून झाल्यावर तू बाजारात गेलास, फळं निवडलीस, एकेक कागदात गुंडाळलंस. माझं पहिलं पत्र आलं, त्यात साकुमाचं वाचलंस, आणि त्यानंतर तुला फोन उचलता येईना. हे सगळं तू सरळ सांगितलंस, काही लपवलं नाहीस. माझ्यावर ओरडलाही नाहीस. तू ओरडला असतास तर मला सोपं गेलं असतं.

मला तुझा इतका राग आलाय की अक्षर वाकडं येतंय. एकोणतीस जानेवारी ते साकुमाच्या अपघाताची पंचवीस फेब्रुवारी. एक फोन. "नात्सु, चीर आहे" एवढे तीन शब्द. पण रागवायला लागले की मला तो रेडिओ ऐकू येतो. मी ऐकलं, तू पाहिलंस, आणि दोघांनीही मिठाची गुळणी धरली. मला विकायचे होते म्हणून, तू मानी आहेस म्हणून. आपल्या दोघांच्या मध्ये साकुमा त्या वळणात शिरला.

त्याला मी तुझं सांगितलेलं नाही. मिसातोलाही नाही, आणि सांगणार नाही. मी ऐकलं होतं हे मी त्याच्या तोंडावर, चाळीस माणसांसमोर सांगितलं. तू पाहिलं होतंस हे त्याला तू स्वतः इथे येऊन सांगायला हवंस. फोनवर नाही. पत्रातही नाही, पत्रात काय काय लपवता येतं ते मला माहीत आहे.

तो माझ्याशी बोलत नाही. काल पेज दाराबाहेर ठेवून आले, आज भांडं रिकामं आणि धुतलेलं होतं, एवढंच. तू आलास तर तो कदाचित तुला मारेल, डाव्या हाताने. कदाचित आपल्या दोघांशीही पुन्हा कधी बोलणार नाही. तू येणार नाहीस अशी मला भीती वाटते, आणि येशील याची तितकीच वाटते. तरी ये.

दुपारनंतर तो घरी असतो. बेल वाजव. प्लास्टरमुळे त्याला उठून कडी काढायला वेळ लागतो. तेवढ्यात निघून जाऊ नकोस.

नात्सुहो